शेऱ्याचा रकाना

पौषातल्या एका मंगळवारी पाझर तलावाच्या कामावर दरड कोसळली. कांता मातीखाली सापडली. तिची आई सोनाबाई तिच्यापासून दोन हातांवर होती. माणसांनी आधी फावड्यांनी आणि मग हातांनी माती उपसली. कांता गेली होती. तिचं वय सोळा. पंचनामा मी लिहिला.

चौदाव्या दिवशी सकाळी सोनाबाई परत कामावर जायला निघाली. तिने पाटी घेतली, भाकरी फडक्यात बांधली आणि ती दारापर्यंत आली. उंबऱ्यापाशी ती खाली बसली. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही.

ही हकिकत बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली आहे. मी तेव्हा नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यात तलाठी होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत. लिहायला मला वेळ लागतो आहे. एका दिवसात अर्धं पान झालं तर पुष्कळ. माझी पत्नी सुमन गेल्या वर्षी वारली. या हकिकतीत ती आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

तलाठी म्हणजे गावाच्या जमिनीचे कागद सांभाळणारा सरकारी माणूस. दुष्काळात त्याच्याकडे आणखी एक काम येतं. कोण उपाशी आहे, याची यादी करायची. ज्याचे हातपाय चालतात त्याला सरकार काम देत असे: खडी फोडणं, रस्त्यावर मुरूम टाकणं, तलावाची माती वाहणं. पाझर तलाव म्हणजे पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं तळं. कामावरच्या हजेरीपटाला मस्टर म्हणत. ज्याला काम होत नाही त्याच्यासाठी दुसरी यादी होती. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. गावात तिला ‘फुकटची यादी’ म्हणत. माणूस एक तर मस्टरवर किंवा यादीवर. दोन्हीकडे चालत नसे.

फुकटच्या यादीला पाच रकाने होते. वृद्ध, अंध, पांगळे, वेडे, निराधार. ज्या त्या रकान्यात खूण करायची. शेवटी एक रुंद रकाना शेऱ्याचा होता. वेगळं काही सांगायचं असेल तर ते तिथे लिहायचं. माझ्या नोकरीत तो बहुतेक कोराच गेला.

सोनाबाईची सासू गयाबाई या यादीत ‘वृद्ध’ म्हणून होती. गयाबाईचा नवरा आणि मुलगा, म्हणजे सोनाबाईचा नवरा, दोघेही आधीच वारले होते. कांता गेल्यावर घरात या दोघीच राहिल्या. सोनाबाई दारात बसली त्याला आठवडा झाला असेल, तेव्हा गयाबाई चावडीवर आली. चावडी म्हणजे माझं गावातलं ऑफिस.

"भाऊसाहेब, माझं नाव काढा यादीतून."

"का हो आजी?"

"मस्टरवर जायचंय. यादीवर एकीचं भागत न्हाई, दोघींचं कसं भागंल?"

"तुमचं वय काय?"

"तुमीच लिवलंय की. पासष्ट का काय."

"पासष्टाव्या वर्षी खडी फोडणार?"

"दगडाला कुठं माझं वय म्हाईत हाय?"

माझं दप्तर उचलणारा कोतवाल नामदेव दाराशी बसला होता. तो हसला. गयाबाई हसली नाही.

"सूनबाई का नाही जात?" मी विचारलं.

"तिचं पाय उंबऱ्यापाशी मरत्यात," ती म्हणाली. "घरात सगळं करती. दारात आली की मरत्यात."

मी तिचं नाव कमी केलं. जाताना ती वळून म्हणाली, "माझ्या जागी तिचं नाव घेता आलं तर बघा. मग मीबी परत तुमच्या म्हाताऱ्यांत येऊन बसन. दोघींचं मिळून रडतखडत निघंल."

मागणी एवढीच होती. सोनाबाईचं नाव यादीवर आलं तर गयाबाई उन्हातून घरी येणार होती. नाही आलं तर नाही. खडीचं काम गावापासून तीन मैलांवर होतं आणि माघ संपत आला होता.

पहिल्या दिवशी मुकादम तिला काय म्हणाला ते नामदेवने मला सांगितलं. "म्हातारे, तू हातोडी उचलणार का हातोडी तुला?" त्यावर ती म्हणाली होती, "तुझी आई बाळंत झाली तवा सुईण कोन हुतं ते घरी जाऊन इचार. मग बोल." मुकादमाने तिला सावलीतली जागा दिली.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. मातीचं घर, पुढे एक दार, मागे एक दार. सोनाबाई चुलीपाशी होती. मला बघून उठली, पोतं अंथरलं, पाणी आणून दिलं. चाल सरळ होती. वय चाळिशीच्या आतलं. मी विचारलं, नेमकं काय होतं?

"घरात काई न्हाई भाऊसाहेब." ती दाराकडे न बघता बोलत होती. "दारात आलं की पायाखालची माती सरकती. मला दिसती सरकताना. मग पाय न्हाईत माझं."

"डोळे मिटून निघालात तर?"

"मिटलं तर आवाज येतो."

मी तांब्या रिकामा करून उठलो.

बाहेर आलो तर शेजारच्या ओट्यावर तिची जाऊ धान्य निवडत होती. सोनाबाईचा चुलत दीर किसन आणि ती शेजारीच वेगळं राहत. जाऊ म्हणाली, "आमचंबी पाय उंबऱ्याला अडकत्यात भाऊसाहेब. लिवा की आमालाबी."

गावात दोन मतं होती. अर्धं गाव म्हणे सोंग, अर्धं म्हणे बाहेरची बाधा. मांत्रिक येऊन लिंबू उतरवून गेला होता. सोनाबाई त्याला दारापर्यंत पोचवायला गेली आणि तिथेच पडली, तेव्हा बाधावाल्यांची संख्या वाढली.

सुमन मात्र तिच्याकडे रोज जाऊ लागली. ती मॅट्रिक झालेली होती आणि माझ्यापेक्षा जास्त वाचायची. नगरला कोणी निघालं की वाचनालयाची पुस्तकं बदलून आणायला सांगायची. तिने सोनाबाईजवळ बसून जे पाहिलं ते मला सांगितलं. सोनाबाई मागच्या दाराने परसात जाते. परसाला काट्याचं कुंपण आहे. कुंपणापर्यंत पाय ठीक असतात. कुंपणाची काटी उघडली की तळहाताला घाम फुटतो, ओठ पांढरे पडतात, मग गुडघे जातात. "तिला आत-बाहेर कळतं, तिच्या पायांनाही कळतं," सुमन म्हणाली. "सोंग करणारी बाई परसातसुद्धा लंगडली असती."

आरोग्य केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून एकदा कामावर येत. त्यांना मी विनंती करून घरी आणलं. त्यांनी सोनाबाईला बाजेवर बसवून गुडघ्यांवर छोट्या हातोडीने ठोकून पाहिलं, तळव्यांवर किल्ली ओढली, चालून दाखवायला सांगितलं. मग तिला दारापर्यंत नेलं आणि तिची नाडी धरून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "बसा बाई."

रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "पाय तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग?"

"मन. लढाईवरून आलेल्या शिपायांत असं पाहिलंय मी. हात धडधाकट, पण उचलत नाही. सोंग नसतं ते. नाडी सोंग करत नाही."

"औषध आहे का?"

"नगरला नेऊन दाखवायला पाहिजे. तिथून कदाचित पुण्याला." त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "पण नेणार कशी? आपल्या पायांनी दारातून निघाली तर मग दाखवायचं काय?"

त्यांनी दाखला लिहून दिला. शरीराने सुदृढ, मानसिक धक्क्यामुळे घराबाहेर पडण्यास असमर्थ, कामावर जाऊ शकणार नाही. खाली सही आणि शिक्का. असा स्पष्ट दाखला मी तोवर पाहिला नव्हता.

आता रकाना. सोनाबाई वृद्ध नव्हती, आंधळी नव्हती. निराधार म्हणजे घरात कमावतं माणूस नाही असा. गयाबाई मस्टरवर होती, म्हणजे कमावतं माणूस होतं; मंजुरीआधी तिने मस्टर सोडला असता तर दोघी उपाशी राहिल्या असत्या. राहिले दोन. पांगळे आणि वेडे.

दाखल्यात ‘मानसिक’ शब्द होता, म्हणून मी ‘वेडे’ असा विचार केला. गयाबाईला विचारायला संध्याकाळी कामावरच्या रस्त्यावर गाठलं. तिच्या पापण्यांवर दगडाची पूड होती.

"येडी लिवू नका," ती म्हणाली.

"नुसता कागदावरचा शब्द आहे, आजी."

"तुमची यादी चावडीवर वाचून दावत्यात ना? किसन ऐकंल. उद्या म्हनंल, येडीच्या नावावर रान कशाला?"

ती बरोबर बोलत होती, आणि हे मला तिच्या आधी सुचायला हवं होतं. नवऱ्याच्या मागे सोनाबाईचं नाव सातबाऱ्यावर मीच चढवलं होतं. सातबारा म्हणजे जमीन कोणाची ते सांगणारा उतारा. वेडा ठरलेल्या माणसाचा व्यवहार बघायला कोणीतरी पालक लागतो. पालक म्हणून पहिला उभा राहिला असता तो किसन. जमीन कोरडी, दगडाळ होती, पण पाऊस कधीतरी पडणारच होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सुमनला म्हणालो, "पांगळी लिहितो."

"ती पांगळी नाही."

"घराबाहेर चालता येत नाही. मग काय म्हणायचं?"

"जे आहे ते म्हणा. रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. डॉक्टरांचा कागद जोडा."

"शेरा लिहिला की यादी अडते. वरून प्रश्न येतो. त्याला उत्तर जातं. त्यात दोन महिने जातात. तोवर म्हातारी खडी फोडत बसेल."

"आणि पांगळी लिहिलं तर?"

"कोणी विचारत नाही."

"आणि विचारलं तर?"

मी ताट सारलं आणि हात धुवायला उठलो. इतक्या वर्षांनी मला त्या दिवशीची भाजी आठवत नाही, पण तिचा तो प्रश्न आणि माझं उठणं आठवतं.

मी ‘पांगळे’ या रकान्यात खूण केली. शेरा कोरा ठेवला. डॉक्टरांचा दाखला दप्तरात तळाशी ठेवून दिला. तो जोडला असता तर ‘शरीराने सुदृढ’ हे पहिलेच शब्द माझ्या खुणेवर उलटले असते.

यादी मंजूर होऊन आली. कोणी काही विचारलं नाही. गयाबाईने मस्टर सोडला आणि ती पुन्हा ‘वृद्ध’ झाली. वाटप दर पंधरवड्याला चावडीवर, समक्ष होई. पांगळ्यांसाठी नामदेव रजिस्टर घरी नेऊन अंगठा घेई, त्यामुळे तीही अडचण राहिली नाही. चैत्र लागला होता. गयाबाई घराच्या सावलीला गोधडी शिवत बसलेली दिसायची. मी जवळून गेलो की म्हणायची, "बसा भाऊसाहेब, पांगळीच्या हातचं पानी पिऊन जावा." मला ते ऐकायला बरं वाटत नसे. तिलाही ते गमतीने म्हणायचं नसावं.

वैशाखाच्या सुरुवातीला तालुक्याहून जीप आली. नायब तहसीलदार इन्स्पेक्शनला आले होते. आमच्या गावाबद्दल त्यांच्याकडे निनावी अर्ज होता. अक्षर मी ओळखलं. गावात लिहिणारी माणसं थोडी होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. उन्हाने त्यांचे ओठ फुटले होते. त्याच सकाळी शेजारच्या गावात त्यांना यादीवर दोन मेलेली माणसं सापडली होती. मला म्हणाले, "चला, तुमची पांगळी दाखवा."

गयाबाई त्या वेळी टँकरवर पाण्याला गेली होती. आम्ही दारात उभे राहिलो. सोनाबाई आत चुलीपाशी होती. मोठा साहेब दारात आलेला तिने पाहिला. ती उठली, पदर सारखा केला, रांजणातून तांब्या भरला आणि चार पावलं चालत येऊन दोन्ही हातांनी तो पुढे धरला. त्या दिवसांत तांब्याभर पाणी ही लहान गोष्ट नव्हती. पण दारात आलेल्याला पाणी द्यायचं आणि ते आपण उठून द्यायचं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ‘साहेब येतील तेव्हा उठू नका,’ असं मी तिला सांगून ठेवलं नव्हतं. एक खोटं लिहून ठेवलं होतं, ते निभवायचं कसं याचा विचार केला नव्हता.

साहेबांनी तांब्या घेतला नाही.

"बाई, तुमच्या पायाला काय झालंय?"

"पायाला काई न्हाई, रावसाहेब," सोनाबाई म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"रावसाहेब, त्या घरात चालतात. उंबऱ्याच्या बाहेर पाय जात नाहीत. मानसिक..."

"उंबरा कुठल्या नियमात आहे, तलाठी?" ते आवाज न चढवता म्हणाले. मग तिला म्हणाले, "या बघू बाहेर. घाबरू नका. दोन पावलं."

तिने तांब्या खाली ठेवला. एक पाय उचलला. चौकटीला धरलेली बोटं पांढरी पडलेली मला दिसली. मग ती बसली नाही, कोसळली. तांब्या लवंडून पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं. शेजारच्या ओट्यावरून जाऊ म्हणाली, "रोजचंच हाय रावसाहेब. मानूस बघून पडती."

"डॉक्टरचा दाखला आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

"पांगळी असल्याचा?"

दाखला दप्तराच्या तळाशीच राहिला.

त्यांनी जीपच्या बॉनेटवर रजिस्टर ठेवून लाल शाईने नाव कापलं. खोटी नोंद सापडली की त्या घराची सगळी नावं जायची. म्हणून गयाबाईचंही कापलं. मला मेमो मिळाला: खुलासा करा, वेतनवाढ का रोखू नये. मी खुलासा लिहिला. त्यातही डॉक्टरांचा दाखला जोडायला मी घाबरलो, कारण तो जोडला तर मी तो आधी दडवला हे उघड होत होतं.

दुसऱ्या दिवसापासून गयाबाई परत खडीवर जाऊ लागली. चावडीवरून जाताना ती माझ्याशी बोलली नाही. रागाने नव्हे, तिला दम तीन मैल पुरवायचा होता. मी थांबवून म्हणालो, "आजी, मी पुन्हा अर्ज करतो. या वेळी खरं लिहितो."

"करा," ती म्हणाली. "तवर दगुड हायतच."

अर्ज मी लिहायला घेतला. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. मला स्वतःला वाचवणारं वाक्य सापडत नव्हतं. त्यात बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी दुपारी गयाबाई कामावर पाणी पिऊन सावलीला बसली. हातोडी मांडीवर होती. सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा कोरडा खाऊ, वाटायची वेळ झाली तेव्हा वाटणाऱ्या बाईने हाक मारली. ती उठली नाही. खडीच्या ट्रकमधून तिला गावात आणलं.

बाहेर मेलेलं माणूस आमच्याकडे घरात नेत नाहीत. तिला अंगणात ठेवलं. सोनाबाई दारात आली. तिथून सासूच्या पायांपर्यंत चार-पाच हातांचं अंतर होतं. बायका म्हणत होत्या, "ये गं, पाया पड. शेवटचं हाय." ती चौकटीला धरून उभी होती आणि थरथरत होती. जाऊ या वेळी काही बोलली नाही. सुमन दारापाशी गेली, सोनाबाईच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला आणि तिच्या नावाने ते पाणी म्हातारीच्या पायांवर घातलं. मग तिरडी उचलली. सोनाबाई दारात उभीच होती. माणसं वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती आत गेली.

चौथ्या दिवशी मी तालुक्याला गेलो. साहेबांसमोर नवा अर्ज ठेवला आणि त्याबरोबर डॉक्टरांचा दाखला.

त्यांनी अर्ज वाचला. "सासू वारली?"

"हो. कामावर."

"घरात आता कमावतं कोणी नाही."

"नाही."

"मग निराधार. हे नियमात बसतं." त्यांनी सही केली. एक मिनिटही लागलं नाही. नंतर त्यांनी दाखला उचलून वाचला, तारीख पाहिली आणि चष्मा काढला.

"हा फाल्गुनातला आहे."

"हो, रावसाहेब."

"हा यादीबरोबर का नाही आला?"

"प्रश्न निघाले असते. उशीर झाला असता."

"निघाले असते," ते म्हणाले. "मी वर प्रांतसाहेबांना विचारलं असतं. प्रांत काय म्हणाले असते मला माहीत नाही. कदाचित नाहीच म्हणाले असते. पण त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात खोटं दिलंत. मी खोटं कापलं. दुसरं काय कापणार होतो?"

मी सही झालेला अर्ज उचलला आणि बाहेर आलो.

मदत सुरू झाली, पण एक अडचण राहिली. पांगळ्यांची सवलत निराधारांना नव्हती. निराधाराने स्वतः येऊन अंगठा द्यायचा. मी मूळ परिपत्रक काढून बसलो. त्यात ‘गावात, पंचांसमक्ष’ एवढंच होतं. चावडी हा शब्द कुठेही नव्हता. तो आमचा रिवाज होता. मी पुढच्या वाटपाची दवंडी दिली ती सोनाबाईच्या अंगणाची. गावातले म्हातारे, आंधळे, पांगळे सगळे तिथे आले. पहिल्या दिवशी कुरकुर झाली. एक आंधळे बाबा म्हणाले, "आता हिच्यापायी आमी चालायचं का, भाऊसाहेब?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "बरं, मग सावलीला तरी बसवा." सोनाबाईने दारात बसून अंगठा दिला. पुढचा पाऊस होऊन याद्या बंद होईपर्यंत वाटप तिथेच झालं. या वेळी शेऱ्याच्या रकान्यात मी सगळं लिहिलं होतं. त्यावर वरून एकही प्रश्न आला नाही.

माझी बदली झाली. सुमन नंतर दोनदा त्या गावी जाऊन आली. सोनाबाई परसाच्या कुंपणाबाहेर चिंचेच्या झाडापर्यंत जाऊ लागली होती. ओढ्याकडे, तलावाकडे नाही. जमीन तिच्याच नावावर राहिली, वाट्याने दुसऱ्याने केली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

या कामात मी शिकलो ते थोडकं आहे. छापलेल्या रकान्यात माणूस बसत नसेल तर कोऱ्या रकान्यात लिहावं. त्याने काम होईलच असं नाही. पण नाकारलं गेलं तर खरं नाकारलं जातं, आणि ते घेऊन पुन्हा वर जाता येतं. सुमनने हेच जेवताना सांगितलं होतं. तिचं बरोबर होतं, हे मी तिला कधी म्हणालो नाही. तिनेही कधी विचारलं नाही.

एक गोष्ट मध्येच लिहायला हवी होती, ती राहिली. गयाबाई गेली त्या संध्याकाळी ग्रामसेवक मृत्यूची नोंद करायला चावडीवर आला. म्हणाला, "कारण काय लिहू, भाऊसाहेब? ऊन लिहिलं तर कामावरचा मृत्यू होतो. चौकशी लागेल." मी थकलो होतो, आणि माझ्यावर मेमो होता. मी एक शब्द सांगितला. त्याने तो लिहिला.

दुष्काळाच्या याद्या मुदत संपल्यावर फाडून टाकतात. रजिस्टर, लाल शाई, डॉक्टरांचा दाखला, माझा शेरा, यातलं आता काहीही शिल्लक नाही. मृत्यूची वही कायम ठेवायची असते. तिच्यात गयाबाईचं नाव आहे, आणि कारणाखाली ‘वार्धक्य’ लिहिलेलं आहे.